गोटिये-किंब्राचं ते गाणं: कैफियत नक्की कुणाची?

पडवीतला_पाहुणा (धागाकर्ता)

परवा रिक्षात एफएमवर 'समबडी दॅट आय यूज्ड टू नो' लागलं. रिक्षावाल्या दादांनी आवाज वाढवला आणि सिग्नल सुटेपर्यंत हँडलवर बोटांनी ताल धरला. मी मागे बसून अस्वस्थ. या गाण्याचं आणि माझं एक जुनं प्रकरण आहे, ते आज इथे सोडून टाकतो.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गोटिये म्हणजे वाउटर डी बॅकर. जन्म १९८० चा, बेल्जियममधल्या ब्रुज शहरातला, पण वाढला ऑस्ट्रेलियात. गाणं २०११ चं. सोबत किंब्रा ही न्यूझीलंडची गायिका. २०१२ साली अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते सलग आठ आठवडे पहिल्या नंबरावर होतं आणि त्या अख्ख्या वर्षाचंही पहिलं गाणं ठरलं. विषय साधा: दोघांचं फाटलंय, आणि तो म्हणतोय की फाटलं ते ठीक, पण तू मला असं परक्यासारखं तोडायला नको होतंस.

आता माझं. २०१२ मध्ये आम्ही चौघं पोरं कोथरूडला एका फ्लॅटमध्ये राहत होतो. टीव्हीवर हे गाणं लागलं की मी धावत यायचो. एकदा फोन टीव्हीच्या स्पीकरला टेकवून रेकॉर्ड करायला घेतलं. गुरुवार होता. जायची ती वीज गेली. हाती लागली २ मिनिटं २० सेकंदांची फाइल, शेवटी मित्राची एक सणसणीत शिवी.

त्याच महिन्यात माझंही बिनसलं होतं. गाण्यातला तो म्हणतो की तू मैत्रिणींना पाठवून तुझ्या रेकॉर्ड नेल्यास आणि वर नंबर बदललास. माझ्याकडे तंतोतंत तेच! तिची रूममेट दारात उभी, हातात वहीचा फाडलेला कागद, तिच्या अक्षरात यादी. रजई, इस्त्री, निळी बादली, दोन कादंबऱ्या, तीन लिटरचा कुकर. यादी वाचताना ती मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती, जणू गॅस सिलेंडरची डिलिव्हरी घ्यायला आलीय. पुढच्या आठवड्यात तिचा नंबरही अस्तित्वात नाही असं बाई सांगायला लागल्या.

ती सव्वादोन मिनिटांची फाइल मी दीड-दोन वर्षं ऐकली. कंपनीच्या बसमध्ये, गच्चीवर, झोपताना. माझ्या दृष्टीने जगातलं सगळ्यात न्याय्य गाणं ते.

मग २०१४ मध्ये एका सहकाऱ्याच्या गाडीत ते पूर्ण लागलं. अडीच मिनिटांच्या आसपास एक बाईचा आवाज आला. मला खरंच वाटलं की दुसरं गाणं सुरू झालं.

ती काय म्हणते ते ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागलो. ती म्हणते, तू मला किती वेळा फसवलंस ते मला आठवतं, आणि प्रत्येक वेळी चूक माझीच असं मला पटवून दिलंस. तुझ्या एकेका शब्दाचा अर्थ लावत मला जगायचं नव्हतं. तू तर म्हणाला होतास की सोडून देईन, जुन्या ओळखीत अडकून बसणार नाही.

तर प्रश्न असा: हे गाणं कुणाचं? त्याचं, ज्याला तीन-चतुर्थांश वेळ मिळालाय? की तिचं, जिला एकच कडवं मिळालंय? आणि द्वंद्वगीत म्हणावं का याला? आपल्याकडे युगुलगीत म्हटलं की दोघं झाडाभोवती एकाच बाजूने गातात.

---

घोटभर

पहिला! वाचून प्रतिसाद देतो.

---

घोटभर

वाचलं. भाऊ, गुरुवारी रेकॉर्डिंगला बसणारा पुणेकर म्हणजे चूक तुझीच आहे. बाकी चालू द्या, चहा टाकलाय.

---

खर्ज

संगीताच्या बाजूने दोन पैसे.

सुरुवातीची जी गिटार आहे ती गोटियेची नाहीच. ब्राझीलचा लुईझ बोन्फा नावाचा मोठा गिटारवादक होता, त्याच्या १९६७ च्या 'सेव्हिल' या रचनेतला एक छोटासा तुकडा उचलून गोल फिरवलाय. बोन्फा २००१ मध्ये गेला. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी त्याची दोन बोटांची चाल जगभर वाजली. सहसंगीतकार म्हणून रीतसर नाव आहे त्याचं, हे बरं झालं.

आता त्या तुकड्यात गंमत काय? दोनच कॉर्ड. डी मायनर आणि सी. पेटीवर धरून बघा: घरी येतो आणि लगेच एक पायरी खाली उतरतो, परत येतो, परत उतरतो. पूर्ण कडवंभर एवढंच. उंबरठ्यावर उभा राहून 'येतो हं' म्हणणारा आणि न जाणारा पाहुणा असतो ना, तसं. सूर आपल्या आसावरी थाटाचे, गंधार-धैवत-निषाद कोमल. ध्रुवपदात तिसरा कॉर्ड येतो तेव्हा कुठे खिडकी उघडल्यासारखं वाटतं, आणि तिथेच तो वरच्या सप्तकात झेप घेतो. कडव्यात तो पुटपुटतो, समजूतदार असल्याचा आव आणतो. ध्रुवपदात तोल सुटतो. स्वर चढला की माणूस खरं बोलतो, हे नाटकवाल्यांना विचारा.

आणि ते टिंगटिंग ऐकलंत का? झायलोफोन. 'बा बा ब्लॅक शीप'ची छाया आहे त्यात, चिमुरड्यांचं बडबडगीत. मोठ्या माणसाच्या तक्रारीखाली बालवाडीची चाल. मला तरी वाटतं की हा माणूस रुसलेला आहे, दुखावलेला नाही, हे चाल आधीच सांगून टाकते.

---

निवांतवेळ

>>> रुसलेला आहे, दुखावलेला नाही

+१. हे वाक्य चोरतोय.

---

यारा_काठ

मेलबर्नहून नमस्कार. इथे येऊन तेरा वर्षं झाली. मी आले तेव्हा हे गाणं इकडे सुपरमार्केटपासून दंतवैद्याच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे होतं. ट्रिपल जे नावाचं सरकारी रेडिओ स्टेशन दरवर्षी श्रोत्यांच्या मतांवर शंभर गाण्यांची यादी काढतं, तिचं इथे आपल्याकडच्या दहावीच्या निकालाइतकं कौतुक. २०११ च्या यादीत हे पहिलं.

हे गाणं चकचकीत स्टुडिओत झालेलं नाही. त्याच्या आईवडिलांच्या घराशेजारी एक कोठार होतं, मॉर्निंग्टन पेनिन्सुलावर मेरिक्स म्हणून गाव आहे तिथे. आम्ही मंडळाच्या सहलीला त्या बाजूला जातो. द्राक्षमळे, घोडे, समुद्राचा वारा, बाकी काही नाही. पावसाळी दिवसात तिथे एकटं बसलं की कुणाचीही आठवण येईल, न झालेल्या ब्रेकअपचीसुद्धा.

किंब्रा तेव्हा जेमतेम विशीतली होती. हॅमिल्टनहून मेलबर्नला आलेली, तिचं स्वतःचं नाव अजून व्हायचं होतं. तिच्या कडव्यासाठी आधी दुसरीच प्रसिद्ध गायिका ठरली होती, तिने ऐनवेळी नाही म्हटलं. म्हणजे बघा, गाण्यातली 'ती' मिळेपर्यंत गाणं अर्धंच पडून होतं. पाहुण्याच्या फाइलसारखं.

---

धनुकली

सगळे "एकच कडवं मिळालं" म्हणताहेत म्हणून लिहिते.

एक कडवं पुरतं. तो दोन कडवी काय करतो? आधी सांगतो की तुझ्याबरोबर असतानाही मला एकटं वाटायचं. मग म्हणतो दुःखाचीही सवय लागते. मग म्हणतो संपलं तेव्हा मला बरंच वाटलं. बरं वाटलं ना? मग आरडाओरडा कशाचा? संपल्याचं दुःख नाहीये त्याला. तिने मागे वळून बघितलं नाही, याचं आहे.

ती येते आणि चार-पाच ओळींत मुद्द्याचं बोलते. रडत नाही, शिव्या देत नाही. आणि त्यानंतर काय होतं ते कुणीच लिहिलं नाही. तो उत्तर देत नाही! पुन्हा तेच ध्रुवपद सुरू. तेच रेकॉर्ड, तोच नंबर. तिने जे सांगितलं ते त्याच्या कानावरून गेलंच नाही. फक्त मागे तिचा आवाज बारीक मिसळत राहतो. मला तर तो भाग फार खरा वाटतो. "मी काय म्हणतेय ते ऐकतोयस का?" आणि समोरून तीच कॅसेट. ज्या बाईने हे अनुभवलं नाही तिने हात वर करावा.

पाहुणा, तुझी वीज अगदी वेळेवर गेली बघ. तुझं ऐकणं तेव्हाही तिथेच थांबत असणार.

(हलके घे. पण फार हलकंही नको.)

एक प्रश्न. यादीतलं सगळं दिलंस का?

---

पडवीतला_पाहुणा

ताई, लागलं. पण बरोबर आहे.

यादीतलं सगळं दिलं. म्हणजे... बहुतेक. नंतर लिहितो.

---

घोटभर

"बहुतेक" वाचून पॉपकॉर्न आणायला गेलोय.

---

सुपारीवाडी

पाहुण्यांनी विचारलंय, आपल्याकडे युगुलगीत म्हणजे दोघं एकाच बाजूने. थांबा जरा, कोकणात या. आमच्याकडे जाखडी नाचात शक्ती-तुरा असतो. शक्तीवाले देवीला, प्रकृतीला थोर मानणारे. तुरेवाले शिवाला, पुरुषाला. देशावर यालाच कलगी-तुरा म्हणतात. एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो, रात्र सरते. माझे आजोबा तुरेवाले. शक्तीवाल्यांचा शाहीर समोर उभा राहिला की आजोबा चहाही घेत नसत, कारण त्याचा एखादा शब्द सुटला तर जवाब चुकायचा.

म्हणजे बाई विरुद्ध पुरुष हा गाण्यातला खटला आपण कितीतरी पिढ्या चालवतोय. फरक एवढाच की आमच्याकडे प्रतिपक्षाचं नीट ऐकल्याशिवाय पुढचं कडवं बांधताच येत नाही. जवाब न देता मागचंच म्हणत बसलात तर लोक उठून जातात. धनुकलीताईंनी सांगितलेल्या हिशेबाने गोटिये आमच्या अंगणात पहिल्याच फेरीत हरला असता.

(आमचे शक्तीवाले शाहीरही पुरुषच असायचे, हे अवांतर. देवीची बाजू मिशीवाला मांडायचा. गोटियेने निदान खरी बाई आणली.)

---

निवांतवेळ

हा प्रतिसाद स्वतंत्र धागा व्हायला हवा. जाखडीवर लिहाच.

---

टेपरेकॉर्डर_काका

मुलांनो, तुमच्या २०११ च्या आधीही लोकांची प्रेमं मोडत होती.

१९८१ चं ह्यूमन लीगचं 'डोन्ट यू वॉन्ट मी' ऐका. इंग्लंडमधल्या शेफील्डचा बँड. पहिल्या कडव्यात तो म्हणतो, तू बारमध्ये वेट्रेस होतीस, मी तुला उचललं, घडवलं, आता मोठी झालीस तर मला सोडतेस? दुसऱ्या कडव्यात ती शांतपणे म्हणते, वेट्रेस होते हे खरं, पण तू नसतास तरी मी पुढे गेलेच असते. हाच साचा, तीस वर्षं आधी. आणि त्यांचा गायक फिलिप ओकी याला ते गाणं इतकं फालतू वाटत होतं की सिंगल म्हणून काढायलाच तो तयार नव्हता. त्या वर्षी ब्रिटनमध्ये नाताळला पहिल्या नंबरावर तेच होतं. कलाकाराला स्वतःचं काय चांगलं ते कळतंच असं नाही.

पण माझी खरी आवड त्याच्याही आधीची. १९७८. 'यू डोन्ट ब्रिंग मी फ्लॉवर्स', नील डायमंड आणि बार्बरा स्ट्रायसँड. मोठ्या भावाने दुबईहून कॅसेट आणली होती. हे दोघं एकत्र गायलेच नव्हते आधी! दोघांनी तेच गाणं आपापल्या अल्बमसाठी वेगवेगळं म्हटलेलं. पट्टी मात्र जुळणारी. अमेरिकेत लुईव्हिल गावी एक रेडिओवाला होता. त्याचा नुकताच घटस्फोट झाला होता. त्याने दोन्ही रेकॉर्ड घेतल्या, टेप कापून जोडली, एक ओळ याची, एक ओळ तिची, आणि बायकोला निरोपाची भेट म्हणून रेडिओवर लावली. श्रोत्यांनी फोन करकरून स्टेशन डोक्यावर घेतलं. मग कंपनीने दोघांना बोलावून खरंखुरं एकत्र गाऊन घेतलं आणि ते पहिल्या नंबरावर गेलं.

आमच्या काळात टेप कापायला ब्लेड आणि सेलोटेप लागायची. मी स्वतः केलंय. विचार करा, घटस्फोट झालेला माणूस रात्री एकटा बसून दोन वेगळ्या माणसांची वाक्यं जवळजवळ आणतोय. गाण्यात तरी ती दोघं एकमेकांशी बोलतील, म्हणून. यापुढे तुमच्या त्या बिलबोर्डची काय मातब्बरी.

---

धनुकली

काका, दंडवत. हे माहीत नव्हतं. आत्ता ऐकायला लावलंय आणि भाजी करपली.

---

शुद्धलेखन_पोलीस

मला एक भाषेची अडचण आहे, ती मांडतो. या गाण्याचं नाव मराठीत करून दाखवा.

इंग्रजीत तो आणि ती दोघंही एकच ओळ म्हणतात, शब्दही फिरवावा लागत नाही. 'समबडी'ला लिंग नाही, क्रियापदाला नाही. त्यामुळे गाण्याच्या शेवटी ती ओळ नक्की कुणाच्या तोंडची आणि कुणाबद्दल, हे पुसून जातं. सगळी खुबी तिथे आहे.

मराठीत? 'जिला मी ओळखायचो.' 'ज्याला मी ओळखायचे.' संपलं. पहिल्याच शब्दात बाजू उघडी पडली. दोघांना एका ओळीत उभं करताच येत नाही. आपली भाषा साक्षीदाराला आधी नाव-गाव-लिंग विचारते, मग बोलू देते.

'कधीकाळच्या ओळखीतलं कुणीतरी' करून पाहिलं. नपुंसकलिंगाने सुटका होते, पण 'ओळखीतले' म्हटलं की आपल्याला प्लंबर, नाहीतर आरटीओतला माणूस आठवतो. "आमच्या ओळखीतले आहेत, तुमचं काम होऊन जाईल."

कुणाला काही सुचतंय का? 'माजी परिचित' म्हणणाऱ्याला माझ्या हद्दीत घेतलं जाणार नाही.

---

खर्ज

'ओळखपाळख'?

---

शुद्धलेखन_पोलीस

ते लग्नाच्या बैठकीत चालेल.

---

सुपारीवाडी

आमची आजी म्हणायची, "बाजारात समोर आली पण ओळख दाखवली नाय." गाण्याचा सगळा मजकूर यात आहे की. ओळख असते, ती काही जात नाही. दाखवायची की नाही एवढंच माणसाच्या हातात.

---

शुद्धलेखन_पोलीस

आजींना सॅल्यूट. 'ओळख दाखवली नाही'. यात तो की ती, कळत नाही. कुणी कुणाला, तेही कळत नाही. बसलं! गेले दोन दिवस मी उगाच सर्वनामांशी झटत होतो.

---

यारा_काठ

व्हिडिओबद्दल कुणीच बोललं नाही? तो पाहिला नसेल तर गाणं अर्धंच ऐकलंत (पाहुण्याला लागू नाही, त्याने पावच ऐकलं होतं).

दिग्दर्शिका नताशा पिंकस, मेलबर्नचीच. अंग रंगवलं ते एमा हॅकने. मागच्या भिंतीवर भौमितिक रंगीत पट्टे आहेत, ती रचना गोटियेच्या वडिलांच्या चित्रावरून घेतली आहे. तो उघडा उभा राहून गातो आणि भिंतीवरचे रंग फ्रेमफ्रेमने त्याच्या अंगावर चढतात, शेवटी तो भिंतीतच मिसळतो. मग कॅमेरा मागे येतो आणि कळतं की तीही तिथेच होती, पाठमोरी, त्याच भिंतीत मिसळलेली. वळते, त्याच्याजवळ सरकते, अगदी कानाशी येऊन बोलते, पुन्हा आपल्या जागी जाते. आणि मग तिच्या अंगावरचा रंग हळूहळू उतरतो. तो मात्र रंगलेलाच राहतो.

दोघांना रंगवायला २३ तासांहून जास्त लागले होते. इतका वेळ हलायचं नाही, खाजवायचं नाही. आणि इतकं करून चार मिनिटांचं गाणं.

धनुकली म्हणतेय ना, की तो ऐकतच नाही? बघ, ती बोलते तेव्हा त्याच्याकडे बघून बोलते. तो समोर बघत असतो.

---

धनुकली

हे मी पन्नासदा पाहिलं असेल, पण रंग फक्त तिचाच उतरतो हे आत्ता तुझ्यामुळे कळलं. म्हणजे सुटली ती. तो अजून भिंतीत.

---

घोटभर

आमच्या इथे भाडेकरू सोडून गेला की मालक भिंत पुन्हा रंगवायचे पैसे डिपॉझिटमधून कापतो. गोटियेचं डिपॉझिट गेलं.

---

मटकी_उसळ

हाय, मी इथे नवीन, वय १९. माझ्या मते ही 'अँग्झायटी'ची ट्यून आहे, डोईची या रॅपरची, २०२५ ची. आईने किचनमधून ओरडून सांगितलं की हे तिच्या काळातलं गाणं आहे. मला वाटलं ती फेकतेय. मग तुमचा धागा मिळाला. सॉरी आई.

एक सांगू? आमच्यात नंबर बदलत नाहीत. ब्लॉक करतात, आणि ब्लॉक केलंय हे समोरच्याला कळतं, मग तो दुसऱ्या अकाउंटवरून स्टोरी बघतो, तेही कळतं. नंबर बदलणं किती डिसेंट वाटतं त्यापुढे.

---

टेपरेकॉर्डर_काका

स्वागत आहे बाळा. म्हणजे बोन्फाची ती गिटार १९६७ पासून चालत चालत तुझ्या कानापर्यंत आली. आधी ब्राझीलच्या माणसाची, मग बेल्जियन-ऑस्ट्रेलियन माणसाच्या रुसव्याखाली, आता अमेरिकन मुलीच्या धडधडीखाली. आणि तुझी आई किचनमध्ये.

---

निवांतवेळ

जाता जाता. २०१२ च्या जानेवारीत कॅनडाच्या वॉक ऑफ द अर्थ या बँडने हेच गाणं पाच जणांनी एकाच गिटारवर वाजवलं होतं, तो व्हिडिओ जरूर बघा. एकाच्या नाकापुढून दुसऱ्याचा हात. मग इतक्या लोकांनी हे गाणं आपापल्या घरी गाऊन टाकलं की गोटियेने त्या सगळ्यांचे तुकडे जोडून स्वतःच एक नवा व्हिडिओ केला. २०१३ ला ग्रॅमीत 'रेकॉर्ड ऑफ द इयर'चं पाकीट गायक प्रिन्सने उघडलं आणि नाव गोटियेचं निघालं, तेव्हा गडी लहान मुलासारखा भांबावला होता. त्यानंतर त्याचा एकही एकल अल्बम नाही. ओंडिओलिन नावाच्या जुन्या फ्रेंच वाद्याच्या मागे लागला तो. मला आवडलं ते. एवढं गाजल्यावर माणूस तसंच दुसरं करायला जातो, आणि मग बघवत नाही.

---

घोटभर

सगळं झालं. पाहुण्याचं "बहुतेक" अजून लटकलंय.

---

पडवीतला_पाहुणा

हो हो, लिहितो.

यादीत शेवटी होतं 'कुकर, शिट्टीसकट'. 'शिट्टीसकट' हे तिने खाली वेगळ्या शाईने लिहिलं होतं. म्हणजे यादी झाल्यावर आठवलं असणार. मी कुकर दिला, झाकण दिलं, शिट्टी सापडेना. रूममेट दहा मिनिटं उभी होती. मी म्हटलं, मिळाली की पाठवतो. कुठे पाठवणार होतो, नंबर तर नंतर बंदच झाला.

चार महिन्यांनी फ्लॅट सोडताना गॅसची शेगडी हलवली, तर मागे सापडली. तेलकट, झुरळांच्या शेजारी.

आणि आता खरं सांगतो. इतकी वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत सांगताना 'बघा, तिने शिट्टीपर्यंत हिशेब मागितला' अशी सांगत आलोय. हशा मिळतो. काल धनुकलीताईंचा प्रतिसाद वाचल्यावर पहिल्यांदा डोक्यात आलं की बिनशिट्टीचा कुकर घेऊन ती त्या रात्री घरी गेली. त्यात काहीही शिजत नाही.

---

धनुकली

तीन लिटरचा म्हणजे एकटीचा वरणभाताचा कुकर. तिने दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना भांड्यांच्या दुकानात जाऊन नवीन शिट्टी मागितली असेल. दुकानदाराने विचारलं असेल कुठल्या कंपनीचा, जुनी घेऊन या, माप बघावं लागतं. तिच्याकडे जुनी नव्हती.

तिची फाइल रेकॉर्ड केली तर तिथून सुरू होईल बघ.

---

खर्ज

शांतता.

---

घोटभर

मी यावर विनोद करणार नाहीये. पण विचारतोच. शिट्टी आहे का अजून?

---

पडवीतला_पाहुणा

आहे. आमच्याकडे आता पाच लिटरचा आहे, त्याला ती बसत नाही. बायकोने दोनदा विचारलं ही कशाची. मी म्हटलं, जुन्या कुकरची.